घरच्या मिक्सरवर ताहिनी आणि माशासोबत खायचा ताहिनी सॉस

ताहिनी करताना दोन जागा अशा येतात की नवीन माणसाला वाटतं संपलं, बिघडलं, टाका आता. पहिली जागा मिक्सरमध्ये, जेव्हा तिळाचा नुसता भुगा होऊन बसतो आणि पुढे काही होतच नाही. दुसरी सॉस करताना, जेव्हा लिंबू घातल्याबरोबर चांगली गुळगुळीत ताहिनी घट्ट गोळा होऊन चमच्याला चिकटते. दोन्ही वेळा काहीही बिघडलेलं नसतं. मी पहिल्यांदा केली तेव्हा त्या दुसऱ्या जागेला घाबरून अख्खी वाटीभर ताहिनी टाकून दिली होती आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण फक्त चार चमचे पाणी अजून घालायचं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी नावं नीट करू. ताहिनी म्हणजे हलके भाजलेले तीळ तेल सुटून पातळ होईपर्यंत वाटलेले, बस, वाटताना लागलं तर थोडं तेल, दुसरं काही नाही त्यात. अरबीत दळणे या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव आलंय. आणि ताहिनी सॉस म्हणजे त्याच वाटणात लिंबू, लसूण, मीठ आणि गार पाणी घालून फेटलेली पांढरी दाटसर चटणी. ताहिनी महिनाभर टिकते, सॉस चार दिवस. हे दोन्ही एकच समजून लोक लिंबू मिक्सरमध्येच तिळावर पिळतात आणि मग म्हणतात वाटलंच जात नाही.

आम्ही दापोली तालुक्यातले. इकडे दापोली, मंडणगड, खेड, खाली श्रीवर्धनपर्यंत, कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात कामाला आहे, त्यामुळे ताहिनी आमच्याकडे इंटरनेटच्या आधी बॅगांतून आली. आमच्या शेजारच्या खालांचा मुलगा कुवेतला असतो. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा तळलेल्या पापलेटबरोबर ही पांढरी चटणी खाल्ली, मला वाटलं खोबऱ्याची आहे, तोंडात घातल्यावर कळलं हे वेगळंच काहीतरी आहे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन इकडे पण समुद्रच आहे ना, तिथे हा सॉस माशाबरोबर खायची जुनी पद्धत आहे, तारातोर म्हणतात त्याला. आपल्याकडे ज्याला त्याला फक्त हमस, म्हणजे काबुली चणे आणि ताहिनीची चटणी, माहिती, पण मला विचाराल तर ही वस्तू माशासाठीच आहे आणि म्हणून कोकणातल्या घरात तर ती असायलाच हवी.

तीळ कुठले घ्यायचे

पांढरे, साल काढलेले. दुकानात पॉलिशचे तीळ किंवा धुतलेले तीळ म्हणून मागा, पांढरेशुभ्र एकसारखे असतात. गावठी तपकिरी तीळ सालासकट असतात, त्यांची ताहिनी पण होते पण गडद आणि जरा कडवट होते, साल नीट वाटलं जात नाही त्यामुळे चरचरीत पण लागते. सालात कॅल्शियम जास्त असतं हे खरं, पण ते अंगी लागू न देणारं ऑक्झलेट पण त्यातच असतं आणि कडूपणा पण. पहिल्यांदा करताना पॉलिशचेच घ्या, हात बसला की मग गावठी करून बघा.

काळ्या तिळाची पण होते, राखाडी रंगाची. फक्त कारळे आणि काळे तीळ यात गोंधळ करू नका. कारळ्याला खुरासणी पण म्हणतात, चटणीसाठी मस्त असतं पण ते तीळ नव्हेत, दाणा लांबट आणि चकचकीत असतो, त्याची ताहिनी होणार नाही.

घेताना शक्य असेल तर चिमूटभर तीळ चावून बघा. गोडसर लागले पाहिजेत. तिळात साधारण निम्मं वजन तेलाचं असतं, त्यामुळे जुना माल खवट होतो आणि आपल्या दमट हवेत तर लवकरच होतो, आणि खवटपणा भाजून लसूण घालून कशानेच जात नाही. संक्रांतीच्या आसपास दुकानात तिळाचा खप असतो तेव्हा माल ताजा मिळतो, मी तेव्हाच किलोभर घेऊन ठेवते आणि पाव-पाव किलो भाजत राहते.

गावठी तीळ असतील तर रोळून घ्यावेच लागतात, खडा-माती तळाला बसते. मग कापडावर पसरून अगदी खडखडीत वाळवायचे, उन्हात एक दिवस. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, पंख्याखाली ठेवून वाळल्यासारखे वाटतात पण आत ओल राहते.

भाजणे

पाव किलो तीळ घ्या. यापेक्षा कमी घेतले तर मिक्सरचं पातं त्यांना पकडत नाही, कडेला उडून बसतात नुसते. जाड बुडाची कढई, गॅस मंद, आणि दोन हप्त्यांत भाजा म्हणजे सगळे सारखे भाजले जातात. हात थांबवायचा नाही. पाच-सात मिनिटांत तीळ जरा फुगीर होतात, तडतड सुरू होते, वास सुटतो.

आता इथे लक्ष द्या, कारण लाडू करणाऱ्या बायकांची सवयच इथे आडवी येते. लाडवाला आपण तीळ चांगले खमंग गुलाबी भाजतो. ताहिनीला तसं नको. पांढऱ्याचा रंग जेमतेम सायीसारखा झाला की गॅस बंद, बदामी रंग यायच्या आत. आणि कढईत ठेवायचे नाहीत, लगेच ताटात काढायचे, कारण गरम कढईत ते भाजत राहतात. जास्त भाजले की ताहिनी कडू होते आणि सॉसमध्ये लिंबाबरोबर तो कडूपणा अजून वर येतो. एखाद मिनिट कमी भाजलेले चालतील, जास्त भाजलेले अजिबात नाही.

न भाजता करतात का, तर हो, करतात, रंग अजून पांढरा येतो. पण आपल्याकडे तीळ डब्यातच सादळलेले असतात, त्यांची ओल घालवायला तरी कढईवरून फिरवून घ्यावेच लागतात.

ताटात पसरून कोमट होऊ द्या. कडकडीत गरम जारमध्ये घातले तर झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी खाली पडतं. पूर्ण गार करून रात्रभर उघडे ठेवले तर पावसात परत सादळतात. हाताला सोसेल असं कोमट असताना वाटायला घ्यायचे, तेव्हा तेल पण लवकर सुटतं.

वाटणे, इथे घाई नको

जार अगदी कोरडा हवा. सकाळी चटणी वाटून धुतलेला जार पुसून लगेच घेऊ नका, पात्याच्या खाली पाणी राहतं. मी आदल्या रात्री धुऊन पालथा घालून ठेवते.

पाव किलोला मधला जार बरा, चटणीचा अगदी छोटा जार असेल तर दोनदा करा. तेल घालायचं नाही अजून. आधी थांबत थांबत फिरवा, पाच-सात सेकंद चालू, बंद, परत चालू. मिनिटभरात तिळकूट तयार होतं. हीच ती पहिली जागा. कोरडा भुगा कडेला चिकटून बसतो, पातं खाली रिकामं फिरतं आणि आवाज बदलतो. मिक्सर बंद करा, कोरड्या चमच्याने कडेचं सगळं मध्ये ढकला, परत फिरवा. चार-पाच वेळा हे करावं लागतं. मग भुगा ओलसर दिसायला लागतो, दाबला तर मूठ वळते, मग त्याचा गोळा होतो आणि तो गोळा जारमध्ये गरगर फिरतो. आता दोन मोठे चमचे तेल घाला आणि परत सुरू करा. दोन-तीन मिनिटांत गोळा मोडतो, चमक येते, आणि एका क्षणी आवाज एकदम मऊ होतो, आतलं वाटण लाटेसारखं फिरायला लागतं. तो आवाज एकदा ऐकलात की परत विसरणार नाही.

आपण खोबऱ्याचं वाटप करतो तेव्हा अडलं की पाण्याचा हबका मारतो ना, हात आपोआप तिकडे जातो. इथे पाण्याचा एक थेंबही नको. अडलं की थांबा, खरवडा, फारच अडलं तर अर्धा चमचा तेल.

बोटावर घेऊन जिभेने बघा. रवाळ लागत असेल तर अजून दोन मिनिटं. चमचा उचलल्यावर सलग धार पडली पाहिजे, पाकासारखी. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात, त्यातली निम्मी मिक्सरला विश्रांती देण्यात. जारला हात लावून बघत राहा, चांगलाच गरम लागला तर पाच मिनिटं सोडून द्या. मिक्सर मध्येच बंद पडला तर बऱ्याचदा मोटर जळलेली नसते, खालच्या बाजूला एक छोटं बटण असतं, लोड जास्त झाला की ते उडतं, प्लग काढून, गार होऊ देऊन ते दाबायचं. आणि आमच्यासारखं संध्याकाळी व्होल्टेज पडणारं गाव असेल तर हे काम सकाळीच उरका.

तेल कुठलं ते विचारतात सगळे. साधं सूर्यफुलाचं चालतं, त्याला वास नसतो म्हणून. घाण्याचं कच्च्या तिळाचं तेल मिळालं तर सगळ्यात चांगलं, घरचंच घरात. शेंगदाण्याचं घाण्याचं घातलंत तर दाण्याची चव वर येते. खोबरेल मात्र नको, आपल्याकडे हाताशी असतं म्हणून मोह होतो, पण ते साधारण 24 अंशाच्या खाली गोठतं, फ्रिजमध्ये ठेवली की ताहिनी वडीसारखी बसते आणि सॉसला खोबऱ्याचा वास येतो.

ठेवायची कशी

काचेची बाटली, उन्हात तापवून कोरडी केलेली. पाव किलोची जॅमची एक छोटी बाटली भरते. दोन-तीन दिवसांत वर तेल येतं, ते काढायचं नाही, ढवळून घ्यायचं. बाटली रात्रभर पालथी ठेवली की ढवळायला सोपं जातं, फक्त झाकण घट्ट बघा. आपल्या हवेत मी फ्रिजमध्येच ठेवते, तिथे दोन महिने आरामात जाते, बाहेर महिनाभर. ताहिनीत पाणीच नसतं म्हणून ती टिकते, एकदा ओला चमचा गेला की बुरशी येणार. आमच्या घरात बाटलीतच एक लाकडी चमचा ठेवलाय, दुसरा कोणी घालायचाच नाही.

आता सॉस

अर्धी वाटी ताहिनी, दोन रसाळ लिंबं, लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धा छोटा चमचा मीठ, आणि फ्रिजचं गार पाणी, किती ते पुढे सांगते.

लसूण आधी लिंबाच्या रसात ठेचायची. म्हणजे भांड्यात रस पिळा, त्यात लसूण आणि मीठ घालून ठेचा आणि दहा मिनिटं तसंच राहू दे. लसूण कापली-ठेचली की तिच्यातलं एक एन्झाइम तो झणझणीत वास तयार करतं, आंबटात ते काम अडतं, त्यामुळे चव लसणाची येते पण घशाला झोंबत नाही आणि दुसऱ्या दिवशी सॉस उग्र होत नाही. आवडत असेल तर रस गाळून घ्या, मी नाही गाळत.

आता ताहिनी घाला आणि काट्या-चमच्याने किंवा छोट्या रवीने फेटा. आणि हीच ती दुसरी जागा. पातळ ताहिनीत पातळ रस घातलाय तर मिश्रण अजून पातळ व्हायला हवं असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटंच, घट्ट होतं, फुटल्यासारखं दिसतं, रंग मळकट होतो. थांबू नका. ताहिनी म्हणजे तेलात तरंगणारे तिळाचे बारीक कण. थोडंसं पाणी गेलं की ते कण पाणी धरून एकमेकांना चिकटतात, बेसनात पहिल्यांदा पाणी घातल्यावर कसे गोळे होतात तसं. अजून पाणी गेलं की मात्र बाजू पालटते, आता पाणी जास्त आणि तेलाचे बारीक थेंब त्यात पसरलेले, ताकातल्या लोण्याच्या कणांसारखे. म्हणून एकेक चमचा गार पाणी घालत फेटत राहायचं. पाचव्या-सहाव्या चमच्याच्या आसपास बघता बघता सगळं सैल होतं, गुळगुळीत होतं आणि रंग उजळून दुधासारखा होतो. बर्फाचं पाणी घेतलंत तर अजून पांढरा आणि हलका होतो.

किती पातळ ठेवायचा ते तुम्ही कशाबरोबर खाणार त्यावर. बुडवून खायला घट्ट दह्यासारखा, माशावर ओतायला घट्ट ताकासारखा. पंधरा मिनिटांत तो अजून घट्ट होतो म्हणून हवा त्यापेक्षा जरा सैलच ठेवा. शेवटी चव बघून मीठ आणि लिंबू. कडवट वाटला तर आधी मीठ वाढवून बघा, बऱ्याचदा तेवढंच कमी असतं. भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड चालते, कोथिंबीर बारीक चिरून पण छान लागते.

लिंबं महाग असतात तेव्हा मी कोकमाचं आगळ घालून करते. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ घालायचं नाही, आणि दोन मोठे चमचे आगळ पुरे, बाकी पाणी. रंग फिका गुलाबी येतो. हे त्यांच्याकडचं नाही, हे आपलंच, पण बांगड्याबरोबर मला लिंबापेक्षा हेच जास्त आवडतं, बांगड्याच्या तेलकटपणाला आमसुलाचा आंबटपणा बरोबर कापतो.

कशाबरोबर खायचं

मासा आधी. रवा लावून तळलेलं पापलेट, सुरमईची तुकडी, कुरकुरीत मांदेली, कशाबरोबरही. फक्त मसाला हलका ठेवा, हळद मीठ आणि जरासं तिखट, कारण भरपूर मालवणी मसाला लावलात तर तिळाची चव कुठे कळणारच नाही. सॉस आधीच माशावर ओतू नका, रव्याचा कुरकुरीतपणा जातो, बाजूला वाटीत द्या.

लेबनॉनकडे मासा ताहिनीत शिजवतात पण, समक बि ताहिना म्हणतात, आणि हे आपल्या घरी अगदी सहज होतं. दोन मोठे कांदे उभे पातळ चिरून तेलात निवांत लालसर होईपर्यंत परतायचे. वर सांगितलेला सॉस अजून अर्धी वाटी पाणी घालून पातळ करायचा, कांद्यावर ओतायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मोठ्या आचेवर खळखळ उकळलात तर फुटतो. पाच-सहा मिनिटांत दाट होतो आणि कडेने तेल दिसायला लागतं, तेव्हा आधी तळून ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्या त्यात ठेवून दोन मिनिटं झाकण. तांदळाच्या भाकरीबरोबर किंवा साध्या भातावर घ्या. आमच्या घरात तर सासूबाईंना आता हर्णैच्या बंदरावरून सुरमई आली की हेच हवं असतं, आणि त्यांच्या तोंडून असं येणं माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा नीरफणसाचे काप. रवा लावून तळलेले गरम काप आणि गार सॉस, मी तर म्हणते नीरफणसासाठी याच्याइतकी चांगली जोडी नाही. सुरणाचे काप पण चालतात.

वांग्याचं भरीत आपण नारळाचं दूध किंवा दही घालून करतोच. दह्याऐवजी दोन चमचे ताहिनी, लिंबू, लसूण आणि मीठ घातलंत की तेच त्यांचं मुतब्बल. वांगं चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेलं असेल तर विचारायलाच नको, तो धुराचा वास त्यात हवाच असतो. हमसला काबुली चणे अगदी मऊ शिजलेले हवेत, त्यावर पुन्हा कधीतरी वेगळं लिहीन.

आणि गोड. तुर्कस्तानात नाश्त्याला ताहिनीत द्राक्षाची काकवी घालून पावाला लावून खातात, इराकमध्ये खजुराचा पाक घालतात. आपल्याकडे उसाची काकवी आहे. एक चमचा ताहिनी, दोन चमचे काकवी, गरम घावनावर. मुलांना तीळगूळ वर्षातून एकदा देतो आपण, हे रोज देता येतं.

एक गोष्ट मात्र जपून. काही लोकांना तिळाची ॲलर्जी असते आणि ती साधी नसते, अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झालाय तो यासाठीच. सॉस दिसायला दह्याचा किंवा खोबऱ्याचा वाटतो, त्यामुळे पाहुण्यांना वाढताना यात तीळ आहेत हे तोंडाने सांगा.

उरलेला सॉस फ्रिजमध्ये चार दिवस. घट्ट झाला तर चमचाभर गार पाणी घालून परत फेटा, पुन्हा पहिल्यासारखा होतो.

जारला चिकटलेली ताहिनी घासणीने धुऊन घालवू नका. ताहिनी बाटलीत काढून झाली की जारमध्ये अर्धी वाटी गरम पाणी घालून मिक्सर दोनदा फिरवा, जे पांढरं दुधासारखं पाणी निघेल ते त्याच दिवशीच्या डाळीत किंवा काकडीच्या कोशिंबिरीत जातं, आणि जार पण मग साबणाने एका हातात स्वच्छ होतो.